चिकटलेली निळी गाडी

आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर सेगावासान यांना कामावरून काढायचं हे मी सोमवारीच ठरवून टाकलं होतं. चौकशी करायची ती आपली कागदापुरती. मी तापट आहे हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि उशीर म्हटला की माझं डोकंच फिरतं. आमचं म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र आहे, त्याची व्यवस्था माझ्याकडे. सकाळी व्हॅन शेताशेतांवरून नऊ आजी-आजोबांना गोळा करून आणते. मग अंघोळ, जेवण, थोडे हातपाय हलवणं, आणि दुपारी परत घरपोच. व्हॅन साडेनऊला दारात यायला हवी. सेगावासान ती नऊ अडतीसला आणायचे. रोज. सहा महिन्यांत एकदाही नऊ सदतीस नाही!

बरं, बर्फाचे दिवस असते तर समजू शकले असते. हा सप्टेंबर. घेवड्याच्या शेंगा वाळल्यात, बटाट्याची काढणी चाललीय, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. तोकाचीच्या या सपाट मुलखात रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आणि चौकाचौकांत काटकोन. कुठंही उभं राहा, दोन-दोन किलोमीटर सगळं उघडं दिसतं. आणि हा गृहस्थ रिकाम्या चौकाआधी ब्रेक मारणार, मग थोडी पुढं रेटणार, पुन्हा हळू करणार, वर कोंबडीसारखी मान पुढं-मागं करणार. बघणाऱ्याला वाटावं, डोक्यावर परिणाम झालाय.

पहिली तक्रार आली मुनाकाता सायोको यांची. त्यांचे सासरे, म्हणजे आमचे मुनाकाता आजोबा, अठ्ठ्याऐंशीचे. सायोकोबाई फोनवर म्हणाल्या, "कुरिबायाशीसान, दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो हे ऐकलंय. हा मनुष्य पाणीसुद्धा फुंकून पितो! माझ्या सासऱ्यांची मान दुखतेय त्या धक्क्यांनी. शुक्रवारपर्यंत ड्रायव्हर बदलला नाही, तर मी त्यांना दुसऱ्या केंद्रात घालते. आणि मी एकटी नाही, आम्ही पाच घरं आहोत."

नवातली पाच घरं गेली की आमच्या दाराला कुलूपच. केंद्राचे अध्यक्ष मिझोगुचीसान घाबरट माणूस. त्यांनी लगेच सांगून टाकलं की सेगावासानचा करार महिनाअखेरीला संपतोय, तो वाढवायचा नाही. शुक्रवारी घरच्यांची सभा घ्यायची, तिथं मी अहवाल वाचायचा, की झालं. सहासष्टाव्या वर्षी त्यांना दुसरं कोणी स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हतं हे मला कळत होतं. पण मी म्हटलं, त्याला मी काय करू? प्रत्येकानं आपापलं घड्याळ सांभाळावं.

मंगळवारी सकाळी मी माझी गाडी काढली. विचार असा की व्हॅनच्या वाटेवर बीट साठवायचं मोठं आवार आहे, तिथं आडोशाला थांबायचं आणि व्हॅन किती वाजता जाते ते टिपायचं. म्हणजे पुराव्यानिशी पकडता येईल. मी पश्चिमेकडच्या शेतरस्त्यानं निघाले. काय सकाळ होती! हिदाकाचे डोंगर हात लावावा इतके जवळ दिसत होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सत्तरच्या वेगानं, एका लयीत, मनातल्या मनात अहवालाची वाक्यं जुळवत चालले होते. मधे एका चौकात माझ्या बाजूला 'थांबा'ची लाल पाटी आहे. माझ्या जन्मात त्या पाटीपाशी कोणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सगळं मोकळं, निघाले पुढं. वळसा घालून आवारात पोचले, गाडी तिथल्या शेडमागं लावली.

व्हॅन आली ती नेहमीपेक्षाही पाऊण मिनिट उशिरा. मी वहीत वेळ लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

केंद्रात परतल्यावर सेगावासानना ऑफिसात बोलावलं. ते टोपी हातात धरून उभे राहिले. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलायला महाकंजूस.

"आज मधे कुठंतरी तुम्ही जवळजवळ मिनिटभर उभे होतात. कुठं?"

"एका चौकात. एक गाडी जाऊ दिली."

"कसली गाडी? मी स्वतः त्याच भागात होते. एक गाडी नव्हती रस्त्यावर!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपीकडे. म्हणाले, "असेल तसं."

"असेल तसं काय? उशीर तो उशीर, वर थापा? निदान या वयात तरी खोटं बोलू नका."

"वहीत लिहिलंय," ते म्हणाले आणि वाकून नमस्कार करून निघून गेले. मी व्हॅनची वही उघडली. बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं: नऊ वाजून सात मिनिटं, एक गाडी जाऊ दिली, सगळे सुखरूप. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थाप मारायची ती मारायची, आणि वर सुवाच्य अक्षरात!

दुपारी जेवणाच्या टेबलावर म्हातारी मंडळी नेहमीपेक्षा जास्तच खुशीत होती. मी मिसो सूपचे वाडगे पुढं करत होते, तर मुनाकाता आजोबा टेबलावर हात आपटून सांगत होते, "मी ओरडलो म्हणून वाचलात सगळे! चिकटली, चिकटली म्हणून मी बोंब ठोकली!"

"हो, ठोकलीत," ओनोदेरा आजी म्हणाल्या. या आमच्यात सगळ्यात मोठ्या, एक्क्याण्णव वर्षांच्या. "पण त्याआधीच ड्रायव्हरनं पाय ब्रेकवर ठेवला होता. तुम्ही नुसती बोंब मारणारे."

"काय चिकटली?" मी विचारलं.

"गाडी गं, रित्सुको!" आजोबांनी मला पाळण्यात असल्यापासून पाहिलंय, त्यामुळे बाई-बिई काही नाही. "आमच्या प्रत्येकाच्या खिडकीवर सेगावानं चिकटपट्टीचा एकेक ठिपका लावलाय. दुसऱ्या रस्त्यानं गाडी येताना दिसली की डोकं स्थिर ठेवायचं आणि ठिपका तिच्यावर धरायचा. गाडी ठिपक्यावरून पुढं किंवा मागं सरकली, तर 'सरकली' म्हणायचं. ती आपल्याला लागत नाही. पण ठिपक्यावरून हललीच नाही, नुसती मोठी होत गेली, तर 'चिकटली'. चिकटली म्हणजे ती सरळ आपल्या पोटात येणार!"

"सकाळी तर अशी चिकटली," ओनोदेरा आजींनी जेवायच्या काडीनं हवेत टोचून दाखवलं, "डासच बसलाय जणू काचेवर. हलेचना. आणि तिकडे 'थांबा'ची पाटी! मी म्हटलं, थांबेल. कसली थांबते! व्हॅन उभी राहिली आणि ती आमच्या नाकासमोरून भर्रकन. ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला असेल तर शपथ."

"कोण गाढव होतं देव जाणे," आजोबा म्हणाले. "निळी गाडी. आणि गंमत ऐक, मागच्या काचेवर पिवळी पट्टी! 'सुरक्षित वाहन चालवण्याचा माझा निर्धार'! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

सगळे खो-खो हसले. माझ्या हातातला वाडगा टेबलावर कसा टेकला ते मला आठवत नाही. ती पिवळी पट्टी वर्षातून एकदा पोलिसांच्या वर्गाला जाऊन मिळते. ज्या कचेरीकडे अशी व्हॅन असते, तिथल्या वाहन-सुरक्षेच्या जबाबदार माणसाला. आमच्या केंद्रातली ती जबाबदार व्यक्ती मी. माझं प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर काचेत लावलेलं. माझी गाडी निळी.

सेगावासान कोपऱ्यात चहा ओतत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "निळ्या गाड्या पुष्कळ आहेत, आजोबा. सूप गार होतंय."

चोर ते चोर आणि वर शिरजोर! मी त्या माणसाला खोटारडा म्हटलं होतं. नऊ जीव आणि हा दहावा. मी त्यांना मारता मारता राहिले होते आणि मला पत्ताच नव्हता. खोटं सांगत नाही, मी डोळे मिटून ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवली. डोंगर आठवले, वाळत घातलेल्या घेवड्याचे ढीग आठवले. व्हॅन कुठंच नव्हती. क्रीम रंगाची, बारा माणसांची, धूड व्हॅन!

तीन वाजता मी मागच्या आवारात गेले. सेगावासान ओल्या फडक्यानं व्हॅनच्या काचा पुसत होते.

"तुम्ही ओळखलं होतंत," मी म्हटलं.

"हो."

"मग सकाळी बोलला का नाहीत? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमचं काम जायची वेळ आलीय हेही माहीत आहे तुम्हाला."

त्यांनी फडकं पिळलं. "बोललो असतो तर तुम्ही घाबरला असता. त्यात घरी जायला तीच गाडी. घाबरलेला माणूस रस्त्याकडे बघत नाही, कुरिबायाशीसान, स्वतःकडे बघत बसतो. म्हटलं, दोन दिवसांनी शांतपणे सांगू."

"दोन दिवसांनी तुम्हाला काढून टाकलं असतं मी!"

"मग जाता जाता सांगितलं असतं."

मला रडू आलं आणि रागही आला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! मी विचारलं, "पण मला दिसली कशी नाही व्हॅन? मी दोन्हीकडे बघितलं होतं हो. देवाशपथ बघितलं होतं."

"बघितलं असेल. तुम्ही बसा बघू इथं." त्यांनी मला व्हॅनच्या ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि आपण आवाराच्या उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले. "मी दिसतोय?"

"दिसताय."

ते दोन पावलं सरकले. "आता?"

नव्हते. समोरची काच आणि दाराची काच यांच्या मधे जो खांब असतो ना, हाताच्या पंजाएवढा, त्याच्यामागे तो अख्खा माणूस गडप झाला होता. मी मान थोडी पुढं केली, तर खांबाच्या कडेतून टोपी बाहेर आली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. कोंबडीसारखी मान!

"माणूस गडप होतो तर लांबची व्हॅन का नाही होणार?" ते जवळ येत म्हणाले. "दोन गाड्या काटकोनात येताहेत, दोघीही आपापला वेग मोडत नाहीत. मग एकीला दुसरी काचेत एकाच जागी दिसते. डोळ्याला हलणारं पटकन कळतं. जे हलत नाही ते झाड, खांब, घर, असं समजून डोळा सोडून देतो. त्यात ती जागा नेमकी खांबामागे आली, तर विचारायलाच नको. म्हणून मी वेग मोडतो. चौकाआधी जरा हळू, जरा जोरात. आपला वेग बदलला की समोरची खांबामागून बाहेर येते. डोळ्यांवर विश्वास टाकायचा नाही, डोळ्यांना कामाला लावायचं."

एवढं लांबलचक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही. व्हॅनच्या आधी एकोणीस वर्षं मी मोडक्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवला. या शेतांतून ओढलेल्या गाड्या सगळ्या सारख्याच. भर दुपार, कोरडा रस्ता, लख्ख ऊन, रस्त्यावर ब्रेकची रेघ नाही, आणि दार आत गेलेलं. पुढून धडक बसली तर मधे इंजिन असतं, कुशीत बसली तर मधे काय? चार बोटं पत्रा. सगळे शहाणे, इथलेच, सरळ चालवणारे. शिकवायला त्यांतलं फारसं कोणी उरलं नाही. म्हणून गाड्यांकडूनच शिकलो."

ते पुन्हा काच पुसायला लागले. मी तिथंच उभी राहिले. काय माणूस! सहा महिने आम्ही त्याला येडा म्हणत होतो. तो रोज सोळा चौकांत सोळा वेळा आमच्या माणसांना वाचवायची तयारी करत होता, आणि वर शिव्या खात होता, आणि घरी जाऊन सुखानं जेवत असणार. मला तर कोणी एकदा टोचून बोललं की मी तीन दिवस धुमसते.

बुधवारी मी व्हॅनमधून गेले. ओनोदेरा आजींनी मला आपल्या पुढच्या खिडकीशी बसवलं आणि माझ्या खिडकीवर नवा ठिपका लावला. पहिल्या चौकाला सेगावासाननी पाय उचलला, मान पुढं, मान मागं. "सरकली!" मागून आजींचा आवाज. दुसऱ्या चौकाला पाटी नव्हती, गाडी नव्हती, तरीही तेच. 'थांबा'ची पाटी आपल्या बाजूला असेल तिथं तर ते पार थांबायचे, मनात तीन आकडे मोजायचे, आणि मगच निघायचे. सातव्या चौकात दूधगाडी आली. मी ठिपका धरला. ती हलेना. "चिकटली!" मी ओरडले, आणि व्हॅन हळू झाली तशी ती दूधगाडी ठिपक्यावरून अलगद पुढं सुटली आणि निघून गेली. तिचा ड्रायव्हर आमच्याकडे बघतही नव्हता; त्याच्या लेखी रस्ता रिकामा होता.

"छान ओरडलीस," मुनाकाता आजोबा म्हणाले. "थोडं लवकर ओरडत जा."

"आजोबा, तुमची मान दुखते ना या धक्क्यांनी?"

"मान? मान माझी बटाटे उपसून गेलीय चाळीस वर्षांपूर्वी. सूनबाईला सांगितलं तर ती म्हणते, व्हॅननंच दुखते. तिच्यापुढं बोलायची सोय आहे का?"

त्या दिवशी आम्ही नऊ अडतीसला पोचलो. मला ती आठ मिनिटं कुठं गेली ते एकेक करून दाखवता आलं असतं.

गुरुवारी रात्री मला नीट झोप लागली नाही. अहवाल लिहायला बसले. पहिला कागद लिहिला तो असा: 'मंगळवारी एका अज्ञात निळ्या गाडीनं'. अज्ञात! हात थांबला. खरं लिहिलं तर अध्यक्ष मला जबाबदारीवरून काढतील, गावात नाचक्की होईल, पोलिसांच्या वर्गात माझं नाव घेऊन उदाहरण देतील. अज्ञात लिहिलं तरी सेगावासानची नोकरी वाचेलच की, मग काय बिघडलं? असं मी स्वतःला अर्धा तास समजावलं. पण सायोकोबाईंना मी ओळखते. त्या म्हणणार, कोण अज्ञात, दाखवा! म्हातारे काहीही सांगतात! आणि मग ती नोकरी वाचणार नाही. मी कागद फाडला.

शुक्रवारी साडेचारला सभा भरली. सेगावासान नव्हते, ते म्हाताऱ्यांना घरी सोडायला गेले होते. पाच घरची माणसं, मिझोगुचीसान आणि मी. सायोकोबाई पहिल्या खुर्चीत, मांडीवर तक्रारीचा कागद, त्यावर पाचांच्या सह्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "आठ मिनिटांचा हिशेब ऐकायचाय आम्हाला."

मी भिंतीवरून काढलेलं प्रमाणपत्र अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ठिपके, खांब, वेग मोडणं, 'थांबा'ची पाटी, सत्तरचा वेग, पिवळी पट्टी. "ती गाडी माझी होती," मी म्हटलं.

कोणीतरी विचारलं, "ब्रेक किती आधी मारलात?"

"मारलाच नाही. मला व्हॅन दिसलीच नाही. आत्ता तुमच्यासमोर उभी आहे, तरी ती सकाळ आठवली की मला मोकळा रस्ताच दिसतो. त्याच दिवशी मी सेगावासानना खोटारडे म्हटलं. ते गप्प बसले. त्यांचा करार वाढवायचा नसेल, तर तुमच्या माणसांना आणायला पुढच्या महिन्यापासून माझ्यासारखी कोणीतरी येईल. वेळेवर येईल. विचार करा."

सायोकोबाईंनी कागद मांडीवर दोन्ही हातांनी सरळ केला, उगीचच.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या, "आमचे बाबा कुठल्या बाजूला बसले होते?"

"डाव्या. खिडकीपाशी."

"आणि तुमची गाडी?"

"डावीकडून आली."

त्यांनी पर्स उघडली, मोबाइल काढला आणि तिथंच, आम्हा सगळ्यांसमोर, घरी फोन लावला. त्यांच्या नवऱ्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"बाबा पोचले का?" त्यांनी विचारलं.

"कुठले? व्हॅन अजून आलीच नाही. आजही उशीर!"

"होऊ दे," सायोकोबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "होऊ दे उशीर. तू फाटकापाशी जाऊन उभा राहा, आणि ते आले की सेगावासानना चहा प्यायला आत बोलव."